पल्मोटर, भाता आणि एक गाढवीण

व्हॉल्ववाला (धागाकर्ता)

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. भोसरीत अडतीस वर्षं हवेच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह जुळवण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे जर्मनीत गेलो होतो, तेव्हा एका लहानशा संग्रहालयात एक लाकडी पेटी उघडून ठेवलेली दिसली. घरची मंडळी पुढच्या दालनात गेली आणि मी तिथेच खिळलो. पेटीत ऑक्सिजनचा सिलिंडर, नळ्या, तोंडावर बांधायचा मुखवटा आणि मधे एक यंत्राचा डबा. नाव पल्मोटर, श्वास थांबलेल्या माणसाला श्वास देणारं यंत्र. तेव्हापासून जे मिळेल ते वाचतोय, आता घरात कोणी ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहितो.

ल्यूबेक गावच्या हाइनरिश ड्रेगर यांनी १९०७ साली याचं पेटंट घेतलं. लंडनला गेले असताना थेम्स नदीतून काढलेल्या एका तरुणाला शुद्धीवर आणताना त्यांनी पाहिलं आणि तिथून ही कल्पना निघाली, असं सांगतात. म्हणजे मूळ निमित्त बुडालेल्या माणसाचं. पण यंत्र खपलं ते मुख्यतः विषारी वायूसाठी: कोळशाच्या खाणी, अग्निशमन दलं आणि गॅस कंपन्या. त्या काळी युरोप-अमेरिकेत दिव्यांना आणि चुलींना नळाने जो गॅस यायचा तो कोळशापासून बनवलेला, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. तोटी उघडी राहिली की रात्रीत घर झोपेतच संपायचं.

आता माझ्या आवडीचा भाग. या डब्याला वीज लागत नाही. सिलिंडरमधला दाबाखालचा ऑक्सिजन एका बारीक तोंडातून सुटतो आणि जाताना बाहेरची हवा ओढून घेतो (आपण इंजेक्टर म्हणतो तोच). हे मिश्रण छातीत भरत जातं. दाब ठरावीक मर्यादेला पोचला की एक पडदा ढकलला जातो, व्हॉल्व्ह उलटा पडतो आणि तोच इंजेक्टर आता छातीतली हवा बाहेर खेचू लागतो. खेच मर्यादेला पोचली की पुन्हा खटका. भर, खटका, खेच, खटका. पहिल्या नमुन्यात हा बदल घड्याळासारख्या यंत्रणेने वेळेवर व्हायचा. हाइनरिश यांचा मुलगा बर्नहार्ड आणि अभियंता हान्स श्रोडर यांनी तो दाबावर आणला. १९०८ साली कोणीतरी माणसाच्या छातीला स्वतःचा वेग ठरवू देणारं यंत्र केलं, हे वाचून मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात सांगायला गेलो. तिथे भाजी करपत होती, प्रतिसाद थंड मिळाला.

पण पुढे वाचल्यावर माझीच गंमत झाली. ज्या खटक्यावर मी भाळलो होतो, तोच या यंत्राचा दोष निघाला. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडली, घसा बंद झाला, की हवा आत जातच नाही. मग नळीतल्या नळीतच दाब चढतो, व्हॉल्व्ह उलटतो, लगेच खेच चढते, पुन्हा उलटतो. यंत्र भराभर खटखटत राहतं. भोवती उभ्या लोकांना वाटतं काम जोरात चाललंय. छाती मात्र जागची हलत नाही. शिवाय हवा अन्ननलिकेतून पोटात जाऊ नये म्हणून एकाने सतत गळ्यावर दाब धरून बसायचं. आणि छातीतून हवा खेचून काढण्याची गरजच काय, हा प्रश्न वेगळाच. भरलेली छाती सोडली की ती आपोआप बसते.

येल विद्यापीठातले यँडेल हेंडरसन तर या यंत्राच्या हात धुऊन मागे लागले. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हेंडरसनही तिच्यात होते. १९१४ च्या अहवालाचा सूर असा, की खाणीत वायू लागलेल्या माणसाला पालथं झोपवा, पाठीवर बसून दोन्ही हातांनी बरगड्या दाबा-सोडा, यंत्राची वाट बघू नका. ऑक्सिजन द्यायचा तर खेच नसलेल्या साध्या साधनाने द्या. ही पालथी पद्धत एडवर्ड शेफर यांनी १९०३ साली मांडलेली.

म्हणजे हजारोंनी विकलेलं देखणं यंत्र एकीकडे आणि दोन रिकामे हात दुसरीकडे, आणि समितीने हातांना कौल दिला! व्हॉल्व्हवर पोट भरलेल्या माणसाने हे पचवायचं कसं? खाणीत, दवाखान्यात काम केलेले कोणी इथे असतील तर लिहा.

गोधडी

काका, मस्त लिहिलंय. करपलेल्या भाजीबद्दल काकूंची बाजूही यायला हवी.

मुंबईतही हा कोळशाचा गॅस होता ना? लालबागला बॉम्बे गॅस कंपनीची भट्टी होती, १८६५ पासून रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. आमच्या आजोबांच्या बोलण्यात 'गॅसबत्तीवाला' यायचा, खांद्यावर शिडी घेऊन संध्याकाळी फिरणारा.

एक शंका. आपल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये मोनॉक्साइड नसतो असं वाचलं. मग दर हिवाळ्यात बाथरूममध्ये गॅस गीझरने माणूस गेल्याची बातमी येते ती कशी?

रानडॉक्टर

गोधडी, बरोबर वाचलंत. एलपीजीमध्ये तो नसतो, जळताना तयार होतो. खिडकी बंद, दार बंद, आत गीझरची ज्योत. थोड्या वेळात प्राणवायू कमी पडतो, जळण अर्धवट होतं आणि मोनॉक्साइड निघू लागतो. वास नाही, डोळ्यांत झोंबणं नाही. आंघोळ करणाऱ्याला जरा डोकं जड वाटतं, पाय लुळे पडतात, कडी काढायचं बळ उरत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, एवढाच उपाय आहे.

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. साध्या हवेत रक्तातलं याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा तास. दाबाखालच्या कोठडीत अर्ध्या तासाच्याही आत. म्हणून व्हॉल्ववालाकाका, तुमच्या पेटीतलं खरं औषध सिलिंडरमध्ये होतं. पण माणूस स्वतःहून श्वास घेत नसेल तर ते आत ढकलायला कोणीतरी लागतं, आणि भांडण सगळं त्या ढकलण्यावरून आहे. त्याचा इतिहास पल्मोटरच्या फार आधीचा आहे. पेशंट संपले की लिहितो.

तिखटमीठ

डॉक्टर येईपर्यंत मी थोडी करमणूक करतो. लंडनची रॉयल ह्यूमेन सोसायटी, स्थापना १७७४, बुडालेल्यांना वाचवण्यासाठी. त्यांच्या साहित्यात श्वास द्यायला भाता होता, आणि दुसरा एक भाता होता तंबाखूचा धूर सोडायला. कुठून सोडायचा? तोंडातून नाही. उलट्या बाजूने. विनोद नाही, त्या काळचे मान्यवर डॉक्टर हे करत होते. तंबाखूच्या अर्काने जनावराचं हृदय बंद पडतं हे १८११ च्या सुमारास बेंजामिन ब्रॉडी यांनी दाखवलं, मग हा प्रकार मागे पडत गेला.

खाणवाला_वणी

तिखटमीठभाऊ, आमच्याकडं खाणीत तंबाखू मळून सरळ मार्गानंच जाते, बुडाकडून नाही जात.

मी वणी पट्ट्यातल्या भूमिगत खाणीत होतो, काही वर्षं रेस्क्यू टीममध्ये. स्फोटात मरणारे लोक बऱ्याचदा आगीने मरत नाहीत, स्फोटानंतर मागे राहणाऱ्या वायूने मरतात. हे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दाखवलं. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनला स्फोट झाला, तिथले मृतदेह तपासून त्यांनी सांगितलं की बहुतेकांना मोनॉक्साइडनं मारलं. त्याआधी हा वायू स्वतः हुंगून, स्वतःचं रक्त तपासून बसलेला माणूस. खाणीत कॅनरी पक्षी न्यावा ही सूचनाही त्यांचीच. पक्षी लहान, श्वास भराभर, तो माणसाच्या आधी दांडीवरून पडतो.

लोकांना वाटतं पक्षी मरू द्यायचे. मॅंचेस्टरच्या संग्रहालयात एक पिंजरा आहे. तीन बाजू बंद, पुढं जाळीचं गोल दार आणि वर दांड्यासारखा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. पक्षी पडला की दार लावायचं, चावी फिरवायची, पक्षी पुन्हा उठून बसतो. काका, विष चढलेल्याला श्वास देणाऱ्या यंत्रात हेही धरा. ब्रिटनमधल्या खाणींत १९८६ पर्यंत हे पक्षी होते.

अन् ड्रेगरबद्दल. १९०६ साली फ्रान्समध्ये कुरिएरच्या खाणीत १०९९ माणसं गेली. तेव्हा जर्मनीतून रेस्क्यूवाले श्वसनयंत्रं घेऊन मदतीला गेले होते. तेव्हापासून ड्रेगरचं नाव इतकं झालं की उत्तर अमेरिकेत खाणीतल्या रेस्क्यूवाल्याचंच नाव पडलं 'ड्रेगरमॅन'. आमच्या पट्ट्याला सेल्फ रेस्क्यूअर अडकवलेला असायचा. त्यात मॅंगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचं मिश्रण, हवेतल्या मोनॉक्साइडचा तिथंच कार्बन डायऑक्साइड होतो. चालू असताना ओढलेली हवा गरम लागते, तोंड भाजतं. तरी काढायचा नाही, हेच ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात. गरम लागतंय म्हणजे वायू आहे.

आमच्या गावाकडं विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे. विझला तर उतरायचं नाही. पण मोनॉक्साइडला कंदील कळत नाही, तो मजेत जळत राहतो.

व्हॉल्ववाला

वणीकर, हात जोडले! पिंजऱ्याचा फोटो पाहिला. काय सुबक काम आहे, दांडा आणि सिलिंडर एकच.

रानडॉक्टर

बसलो निवांत. जरा लांब होईल.

विषबाधेत श्वास दिल्याची मला आवडणारी सर्वांत जुनी नोंद खाणीतलीच आहे. १७३२ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये अलोआ गावी एका कोळसा खाणकामगाराला धुराने गुदमरलेल्या अवस्थेत वर काढलं. नाडी नाही, श्वास नाही. विल्यम टोसॅक या सर्जनने त्याच्या तोंडाला तोंड लावून जोरात फुंकर मारली. पहिली फुंकर नाकातून निसटली, म्हणून त्याने नाक धरून पुन्हा फुंकलं. हृदय चालू झालं. चार दिवसांनी तो माणूस कामावर. यंत्र शून्य.

पण डॉक्टरमंडळींना तोंडाने फुंकणं अशिष्ट वाटायचं, म्हणून भाता आला. भात्याने श्वास देता येतो, तसंच जोरात मारला तर फुप्फुसही फुटतं. फ्रान्समध्ये लरॉय यांनी १८२० च्या दशकाच्या शेवटी जनावरांवर हे दाखवल्यावर भात्याची पत गेली, ती पन्नास-साठ वर्षं.

परत आणला तो जॉर्ज फेल यांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला, १८८७ च्या जुलैत. रुग्णाला अफूच्या अर्काचं विष चढलेलं. अफू हृदयाला फारसं मारत नाही, मेंदूला श्वास घ्यायची आठवण राहत नाही इतकंच. तेव्हा उतारा नव्हता. रुग्णाला चालवायचं, चापट्या मारायच्या, कडक कॉफी पाजायची, झोपू द्यायचं नाही, हा उपचार! फेल यांनी श्वासनलिकेला छेद दिला, प्रयोगशाळेत जनावरांसाठी वापरायचा भाता आणला आणि श्वास देत बसले, अफू उतरेपर्यंत. माणूस वाचला. पुढे मुखवटा जोडला, तो नीट बसेना. मग न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी घटसर्पाच्या मुलांसाठी केलेली घशातली नळी त्याला जोडली. पायाने चालणारा भाता आणि नळी, हे फेल-ओड्वायर यंत्र. आजच्या आयसीयूतली नळी त्याच कुळातली.

याच फेलसाहेबांनी बफेलोत विजेच्या खुर्चीसाठीच्या प्रयोगांतही भाग घेतला होता. १८९० साली ऑबर्न तुरुंगात पहिल्या माणसाला विजेने मृत्युदंड दिला तेव्हा हे हजर होते. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने ते. माणसं अशी गुंतागुंतीची असतात, आपण काय बोलणार.

गोधडी

अफूवरून आठवलं. आमची पणजी गिरणीत होती. पाळीला जाताना तान्ह्याला अफूची बारीक गोळी चाटवायच्या म्हणे, म्हणजे मूल निजून राहायचं. आजी सांगायची, एक मूल उठलंच नाही. कुणी कुणाला दोष दिला नाही.

तिखटमीठ

गोधडी... यावर काही सुचत नाही.

डॉक्टर, पोलिओचं ते लोखंडी फुप्फुस या धाग्यात बसतं का, की ते वेगळं?

रानडॉक्टर

बसतं, आणि कसं ते ऐका. हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी ते केलं. त्यामागचा पैसा आणि पाठपुरावा न्यूयॉर्कच्या गॅस कंपनीकडून आलेला, कारण त्यांना वायूने गुदमरलेल्या आणि विजेचा झटका बसलेल्या माणसांसाठी साधन हवं होतं. माणूस पेटीत, डोकं बाहेर. पेटीतली हवा काढली की छाती फुगते. हवा खेचायला व्हॅक्यूम क्लीनरचे पंखे लावले होते. १९२८ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये पहिल्यांदा वापरलं ते मात्र पोलिओच्या एका लहान मुलीवर, आणि ते यंत्र जन्मभर पोलिओचंच झालं.

काका, तुमचे हेंडरसनही स्वस्थ बसले नव्हते. हॉवर्ड हॅगार्ड यांच्याबरोबर त्यांनी १९२० च्या दशकात ऑक्सिजनमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून द्यायला सुरुवात केली. त्याने श्वास खोल आणि जोरात चालतो, मोनॉक्साइड लवकर बाहेर पडतो. अमेरिकेतल्या गॅस कंपन्यांनी ती यंत्रं गाड्यांवर चढवली. मधे ही कल्पना पूर्ण मागे पडली. पण २०१९ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारं सरकारी खातं) मोनॉक्साइडसाठी ज्या एका नव्या यंत्राला परवानगी दिली, त्यामागचं तत्त्व याचाच नातू आहे.

व्हॉल्ववाला

म्हणजे हेंडरसन यंत्राच्या विरुद्ध नव्हते, माझ्या खटक्याच्या विरुद्ध होते. जरा बरं वाटलं.

पण एक विचारतो. तुमच्या लिहिण्यात आलं, 'अफू उतरेपर्यंत' श्वास देत बसले. म्हणजे यंत्र विषाला काहीच करत नाही?

रानडॉक्टर

काहीच नाही. हे कळायला डॉक्टरांना फार वेळ लागला. १९४० च्या दशकापर्यंत झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेल्याला उत्तेजक औषधं टोचून उठवायचा प्रयत्न चालायचा, आणि चार-पाचातला एक दगावायचा. १९४९ साली कोपनहेगनमध्ये कार्ल क्लेमेसेन यांनी विषबाधेसाठी वेगळा विभाग काढला आणि एरिक निल्सन यांच्याबरोबर ती औषधं सरळ बंद केली. श्वासमार्ग मोकळा ठेवा, श्वास द्या, रक्तदाब सांभाळा, कूस बदला आणि थांबा. मृत्यूचं प्रमाण १-२ टक्क्यांवर आलं. त्याच गावात १९५२ च्या पोलिओत ब्यॉर्न इब्सेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबायला बसवलं. १९५६ च्या सुमाराला डेन्मार्कच्याच हेनिंग रुबेन आणि होल्गर हेस्से यांनी आपोआप फुगणारी पिशवी केली: अंबू बॅग. हिला सिलिंडर नसला तरी चालतं. काका, तिच्यात एकच छोटा व्हॉल्व्ह असतो, खेच नाही, खटका नाही. घसा बंद असला तर हाताला लगेच कळतं, पिशवी दबतच नाही. पल्मोटरला जे कळत नव्हतं ते तळहाताला कळतं.

शिंपला

मी फक्त वाचायला आले होते. धाग्याच्या नावात गाढवीण आहे, ती कुठे गेली?

व्हॉल्ववाला

अरेच्चा, नाव देऊन विसरलोच! १८१४, लंडन. चार्ल्स वॉटर्टन नावाच्या प्रवाशाने दक्षिण अमेरिकेतून क्युरारे (त्यालाच वुराली म्हणत) आणलं होतं, तिथले आदिवासी बाणाला लावतात ते विष. एका गाढविणीच्या खांद्यात ते टोचलं. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने दोन तास हवा भरली. तिने डोकं उचललं, इकडेतिकडे पाहिलं. भाता थांबवला तर पुन्हा कोसळली. पुन्हा दोन तास भाता. मग ती उठली, चालू लागली. तिचं नाव विषावरूनच वुरालिया ठेवलं आणि वॉटर्टनने तिला आपल्या इस्टेटीवर नेलं. कामाला लावलं नाही. १८३९ पर्यंत जगली, जवळजवळ पंचवीस वर्षं!

शिंपला

वाचली ते छान, पण त्या चार तासांत तिला कळत होतं का? मेल्यासारखी म्हणजे झोपेत, की जागी?

रानडॉक्टर

शिंपला, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. क्युरारेने स्नायू लुळे पडतात, पण मेंदूचं काय? १९४६ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःला क्युरारे टोचून घेतलं, पूर्ण लुळं पडेपर्यंत. सहकारी त्याला श्वास देत होते. उतरल्यावर त्याने सांगितलं, मला सगळं कळत होतं, सगळं ऐकू येत होतं. गाढविणीलाही कळत असणार.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. बरीच वर्षं झाली, मी एका डोंगराळ तालुक्यात नवा होतो. श्रावणात पहाटे एका मुलाला आणलं, सतरा-अठरा वर्षांचा. जमिनीवर निजलेला, पोटात दुखतंय म्हणून उठला, मग पापण्या मिटायला लागल्या. चावल्याची खूणही धड दिसेना. मण्यारच. लस दिली, पण मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच खराब करतं. लस पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून यायला दिवस लागतात. तोवर छाती हलवणार कोण? आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. नळी घातली, अंबू लावली आणि जिल्ह्याच्या गावी निघालो. जीपमध्ये मी, त्याचा चुलता आणि शेजारचा एक पोरगा. वाटेत दरड पडलेली. साडेसहा तास लागले. पाळीपाळीने दाबत होतो, आणि वेग चुकू नये म्हणून दाबणाऱ्याने मोठ्याने मोजायचं. मुलाचं बोटही हलत नव्हतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. चुलत्याने दोनदा विचारलं, "डॉक्टर, गेलाय ना? खरं सांगा, उगं नका दाबू." मी म्हटलं, मोजा.

पाचव्या दिवशी त्याची नळी काढली. महिन्याभराने चालत दवाखान्यात आला, सोबत चुलता, पिशवीत रानभाजी. म्हणाला, सगळं ऐकत होतो. मग चुलत्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका सत्तावीसनंतर एकदम तीस म्हणतात. दर वेळी."